फितुराचं काम

आमच्या घराण्याला इतिहास आहे असं म्हणायची पद्धत होती. इतिहास म्हणजे एक तलवार आणि एक खांदा. तलवार खंडेनवमीला माळ्यावरून खाली यायची. तिच्या शेजारी कोयता, टिकाव, विळा आणि पाण्याच्या मोटारीचा पाना मांडून पूजा व्हायची आणि दुसऱ्या दिवशी ती परत गोणपाटात जायची. तिने कधी कुणाचं मुंडकं उडवलं होतं की नुसते भोपळे कापले होते, हे आप्पांनाही माहीत नव्हतं. आप्पा म्हणजे माझे वडील. खांद्याचं मात्र सगळ्या गावाला ठाऊक होतं. चैत्रात ग्रामदैवताची पालखी देवळातून निघते तेव्हा पुढच्या दांड्याला पहिला खांदा आमच्या घरातल्या कर्त्या पुरुषाचा. कुठल्यातरी राजाने कुठल्यातरी कामगिरीबद्दल हा मान दिला होता. कुठल्या राजाने, असं लहानपणी मी विचारलं की म्हातारी माणसं खेकसायची, "राजानं दिला म्हंजे राजानं दिला. तुला काय करायचंय?"

मला काही करायचं नव्हतंच. पण आप्पांजवळ त्या खांद्याशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. पुणं पौड रस्त्याने सरकत सरकत भुकूमच्याही पुढे, आमच्या बांधापर्यंत आलं होतं. भाताची खाचरं गेली, तिथे दोन सोसायट्या उभ्या राहिल्या. उरलेल्या जागेत आप्पांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. सकाळी पाण्याची मोटार चालू करायची आणि टाकी भरली की बंद करायची, एवढाच त्यांचा कारभार होता. आदल्या रात्री स्वतःच्या हाताने फेट्याला इस्त्री करून ठेवायचे ते फक्त चैत्रातल्या त्या दिवसासाठी. त्या दिवशी गुरव त्यांच्या कपाळाला गुलाल लावायचा, ते दांड्याखाली खांदा घालायचे आणि मगच बाकीचं गाव पुढे सरकायचं.

दोन हजार तीनच्या आसपासची गोष्ट असेल. रविवारी सकाळी टीव्हीवर राजेरजवाड्यांची एक मालिका लागायची. आमचा टीव्ही मोठा होता, जमीन विकलेल्यांचा असतो तसा, त्यामुळे अर्धी आळी आमच्या बाहेरच्या खोलीत जमायची. एका रविवारी मालिकेतला किल्ला पडला. बाहेरून पडला नाही, आतून कुणीतरी रात्री दार उघडलं. उघडणारा माणूस तिरळा होता आणि त्याच्या गालावर मस होता. मालिकेतला फितूर देखणा असलेला मी आजवर पाहिलेला नाही. तो फितूर आहे हे पहिल्याच भागात शेंबड्या पोरालाही ओळखू येतं, राजालाच तेवढं कळत नाही. तर हा तिरळा दाराचा अडसर काढताना दुसऱ्या एका सैनिकाने त्याला आडनावाने हाक मारली. आडनाव आमचं होतं.

शेजारची म्हातारी आप्पांकडे वळून म्हणाली, "व्हय रं, ह्यो तुमच्यातलाच का?" तेवढ्यात जाहिराती लागल्या.

दुसऱ्या दिवशी आप्पा डेअरीवर गेले तेव्हा दूध मापणाऱ्याने विचारलं, "आप्पा, दार लावून आलाव न्हवं?" रांगेतले सगळे हसले. आप्पाही हसले. तो त्यांचा सभ्यपणा होता, पण आमच्या गावात हसून घेतलेली गोष्ट माणसाच्या नावावर कायमची चढते. पिठाच्या गिरणीत एक बाई आईला म्हणाली, "आदी ह्यांचं दळू द्या गं, न्हाईतर रातच्याला दार उघडत्याल." ग्रामपंचायतीत पाण्याच्या पाळीवरून वाद झाला आणि आप्पांचं म्हणणं बरोबर होतं. समोरचा नुसता म्हणाला, "तुमी गपा. तुमाला बगितलंय टीव्हीवर." वाद तिथेच संपला.

आमच्याकडे लातूरकडचा एक मुलगा भाड्याने राहायचा. हिंजवडीला कुठल्यातरी कंपनीत होता, सकाळी कॅबने जायचा. त्याने आप्पांना समजावलं, "काका, ते फिक्शन आहे हो. सुरुवातीला पाटी येते ना, सगळी पात्रं काल्पनिक आहेत म्हणून. रायटरला एक व्हिलन पाहिजे असतो, बस." आप्पांना केवढा धीर आला! पुढच्या रविवारी ते आळीतल्या सगळ्यांना ती पाटी दाखवायची म्हणून टीव्हीला नाक लावून बसले. पाटी आली आणि त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवेपर्यंत गेलीसुद्धा. मागे बसलेल्यांनी ओरडून त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, कारण घोडे दिसत नव्हते.

गावच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष जमिनीचे व्यवहार जुळवून द्यायचा. आमची खाचरंही त्यानेच विकून दिली होती. आप्पांपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, गळ्यात साखळी, दारात गाडी. त्याचे आजोबा आमच्या खाचरात लावणीला राबायला यायचे आणि माझ्या आजीने त्यांना कधी ओट्यावर टेकू दिलं नव्हतं. हे त्याने विसरावं अशी आमची अपेक्षा होती. आमच्या आठवणी थेट राजापर्यंत पोहोचायच्या, त्याच्या मात्र आजोबांपर्यंतही पोहोचू नयेत. गावात त्याला आता सगळीकडे पहिली खुर्ची मिळत होती. एक तो खांदाच काय तो मिळत नव्हता.

श्रावणात तो आमच्याकडे आला, ओट्यावरच काय, आत येऊन सोफ्यावर बसला. यंदा मंडळ जिवंत देखावा करणार होतं. पुतळे नाहीत, खरी माणसं. संवाद पुण्याच्या स्टुडिओत कॅसेटवर भरून आणायचे, माणसांनी त्या आवाजावर नुसते हातवारे करायचे आणि ओठ हलवायचे. प्रसंग कोणता, तर मालिकेतलाच, किल्ल्याचं दार उघडणारा फितूर पकडून दरबारात आणतात तो. अंधार पडला की दर अर्ध्या तासाने एक खेळ, दहा दिवस.

"आप्पा, गाव काय काय बोलतंय," तो म्हणाला. "मला न्हाई पटत. पर चैत्रात कुणी खांद्याचं काढलं तर मी काय बोलू?"

"काढंल कोन?"

"काढत्याल. लोकांच्या तोंडाला कुलूप हाय का? त्यापरीस ते फितुराचं काम तुमीच करा. समद्यांना कळंल, ह्यांच्या पोटात काय न्हाई. खेळीमेळीनं घेतलं की मिटलं. खांदा तुमचाच, ह्यो माझा शब्द."

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "न्हाई म्हना." आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग अध्यक्षाकडे पाहिलं आणि चहा आणायला सांगितला. मी कॉलेजात इतिहास शिकत होते, म्हणून मीही माझी अक्कल पाजळली. असा माणूस कुठल्याच साधनात सापडत नाही, मी म्हटलं, आणि राजाने अशा कुणाला दरबारात शिक्षा दिली असंही कुठे लिहिलेलं नाही. अध्यक्ष माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाला, "पोरगी हुशार हाय. तिला निवेदन द्या."

तालमी सुरू झाल्या. राजाचं काम अध्यक्ष स्वतः करणार होता, हे सांगायला नकोच. सिंहासन म्हणून मंगल कार्यालयातली नवरा-नवरीची खुर्ची आणली. कॅसेटवर फितुराचा आवाज कुणा कॉलेजच्या मुलाचा होता, चिरका आणि रडका. आप्पांचा आवाज इतका भरदार की ते अंगणातून बोलले तर रस्त्यावर ऐकू यायचं. आता त्या भारदस्त मिशीखालून तो चिरका आवाज येऊ लागला, "मी मोहाला भुललो, महाराज, मला पदरात घ्या." ऐकून तालमीतली पोरं पोट धरून हसायची. ओठ आवाजाच्या मागे पडतात अशी तक्रार आली, तेव्हा आप्पा घरी आरशापुढे उभे राहून सराव करायला लागले. आंघोळीला जाताना, मोटार चालू करताना ते पुटपुटत असायचे, मी भुललो, मी भुललो. आई कानांत बोटं घालायची.

पहिल्या संध्याकाळी गर्दी बेताची होती. पडदा उघडला, प्लायवूडच्या किल्ल्यामागून धूर सोडला, दोन मावळ्यांनी आप्पांना हात दोरांनी बांधून, काढण्या लावून आणलं आणि गुडघ्यांवर ढकललं. राजाने हात उगारून शिक्षा सुनावली, कॅसेटवर तोफ वाजली, पडदा पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या खेळाला अध्यक्षाच्या काय मनात आलं कोण जाणे, शिक्षा सुनावल्यावर त्याने सिंहासनावरून उतरून आप्पांना पायाने ढकललं. नुसता पाय लावला होता. पण काय त्या शिट्ट्या! अध्यक्षाने गर्दीकडे पाहिलं. त्याच्यापुढच्या खेळात ती लाथ झाली. कॅसेटवर लाथ नव्हती, पण तिसऱ्या दिवसापासून लोक लाथेसाठीच यायला लागले. भूगावहून, सूसवरून मोटारसायकली यायच्या. सोसायट्यांमधली माणसं पोरांना खांद्यावर बसवून उभी राहायची आणि लाथ बसली की पोरांना टाळ्या वाजवायला लावायची. इतिहास मुलांच्या कानावर पडला पाहिजे असं त्यांचं म्हणणं होतं.

मी निवेदन केलं नाही. पण रोज जाऊन बघत होते, कारण घरी बसवत नव्हतं. एकदा ओठ जमले नाहीत. आप्पांना ठसका लागला, ते खोकत होते आणि कॅसेट आपली दयेची भीक मागत राहिली. लोकांना वाटलं फितूर नाटक करतोय. "खोटं खोकतोय बगा," माझ्या शेजारचा माणूस म्हणाला. आमच्या खोल्यांमध्ये भाड्याने राहणाऱ्या कुटुंबातली एक बाई पुढे उभी होती. तिचं पाणी कधी तुटू दिलं नव्हतं त्यांनी. तिने मुलाला मंचाच्या कडेला उभं केलं आणि हसत म्हणाली, "थुंक त्याच्यावर, थुंक." पोरगं लाजलं. तिने आणखी एकदा सांगितल्यावर ते थुंकलं. आप्पांच्या हातांना काढण्या होत्या, त्यामुळे पुढचा सगळा संवाद ते तसेच बसून होते.

घरी आल्यावर आई त्यांच्या बरगड्यांना हळद लावायची आणि रडायची नाही, शिव्या द्यायची. अध्यक्षाला, मालिकेला, मला, आणि ज्याने हा मान दिला त्या राजालाही. "खड्ड्यात गेला तुमचा खांदा," ती म्हणायची.

"चैतापात्तुर कळ काढ," आप्पा म्हणायचे.

विसर्जनानंतर अध्यक्षाने चिकटवलेली दाढी उतरवली, पण महिनाभरात तशीच खरी वाढवली. लोक त्याला आधी थट्टेने राजे म्हणू लागले, मग नुसतंच राजे म्हणू लागले. दिवाळीत त्याच्या शुभेच्छांचा फलक लागला त्यात तो सिंहासनावर बसलेला होता. आप्पांना कोणी वाईट बोलत नव्हतं, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. उलट लोक आपुलकीने बोलायचे. बाजारात अनोळखी माणसं थांबवून म्हणायची, "तुमीच न्हवं का ते? लई भारी केलंत. आमाला तर तुमचा रागच आला." आप्पा खाली बघत मान हलवायचे.

चैत्र आला. जत्रेच्या आधी देवळात गावाची बैठक बसली. बायका बाहेरच्या पायऱ्यांवर होत्या, तिथून सगळं ऐकू येत होतं. खांद्याचा विषय अध्यक्षाने काढलाच नाही. काढला एका म्हाताऱ्याने, ज्याच्याबद्दल आप्पांना फार आदर होता.

"आप्पा, राग धरू नका. पर अवंदा खांदा दुसऱ्या कुनाला तरी द्यावा म्हन्तो. पालखीला आता लांबलांबची मान्सं येत्यात. समद्या तालुक्यानं तुमाला बगितलंय."

"काय बगितलंय?" आप्पांचा खरा आवाज किती महिन्यांनी मी ऐकत होते. "नाटक हुतं ते! ह्यांनीच करा म्हनून सांगितलं. ह्यांनी शब्द दिलाय मला."

अध्यक्ष लगेच म्हणाला, "दिलाय की. मी न्हाई म्हन्तोय का? माझं आजबी तेच म्हननं हाय. पर गावापुढं मी कोन?"

"नाटकच हुतं, बरुबर हाय," म्हातारा म्हणाला. "पर आप्पा, मनात काय नसतं तर मानूस आसलं काम घील का? मी तर न्हाई घेतलं. मला आदी इचारलं हुतं."

हे आम्हाला माहीत नव्हतं. आप्पांनाही नव्हतं. बैठकीतल्या चौघांनी मग सांगितलं की त्यांनाही विचारलं होतं आणि त्यांनीही नाही म्हटलं होतं. घराण्याचा प्रश्न असतो, एक जण म्हणाला. सगळं इतक्या समजुतीच्या सुरात चाललं होतं की मला उठून एकेकाच्या मुस्काटात मारावीशी वाटली. आईने माझा हात धरून ठेवला होता.

जत्रेच्या दिवशी आप्पा इस्त्रीचा फेटा बांधून देवळापुढे गेले. मी म्हटलं होतं, जाऊ नका. आई त्यांच्यापुढे दारात आडवी उभी राहिली होती. पण त्यांना वाटत होतं, प्रत्यक्ष देवापुढे आपल्याला बाजूला सारायची कुणाची छाती होणार नाही. कुणी बाजूला सारलंही नाही. गुरव गुलालाचं ताट घेऊन आला आणि त्यांच्या बाजूने असा निघून गेला की तिथे खांब उभा असावा. अध्यक्षाने दांड्याखाली खांदा घातला. कुणीतरी राजाच्या नावाचा जयघोष केला, देवाचा नव्हे, आणि सगळ्या गावाने त्याला साथ दिली. ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि ज्याला दाढी तो राजा. पालखी गेली. आप्पा भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्याभोवती गुलाल पडलेला होता, त्यांच्यावर मात्र नव्हता.

त्यानंतर ते गावात जाईनासे झाले. मोटारही मीच चालू करायचे. लातूरच्या मुलाने त्यांच्याशी दोन-तीनदा बोलून पाहिलं, मग त्यानेही नाद सोडला आणि तो कंपनीच्या जवळ राहायला गेला. आईला वाटायचं, पावसाळा सरला की माणूस ताळ्यावर येईल.

श्रावणात मंडळाच्या तालमी पुन्हा सुरू झाल्या. यंदाचा देखावा राज्याभिषेकाचा होता. अध्यक्षाला नवीन मुकुट आणला होता. एका संध्याकाळी आप्पा काही न सांगता बाहेर पडले. आईने मला मागोमाग पाठवलं, ते कुठे जीवबिव द्यायला तर निघाले नाहीत ना, अशी तिला भीती वाटली होती. ते शाळेच्या पटांगणात तालमीच्या जागी गेले आणि मंचाच्या खाली उभे राहिले. वर अध्यक्ष सिंहासनावर बसून छत्र धरणाऱ्या पोराला शिव्या देत होता. मला वाटलं, आता आप्पा त्याची गचांडी धरणार. खरं सांगते, मला आनंद झाला होता.

"मला काय काम न्हाई का?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, ह्यात फितूर न्हाई," अध्यक्ष म्हणाला. तो खरोखर गोंधळला होता. "राज्याभिषेक हाय न्हवं. समदं चांगलंच हाय ह्यात."

"बसवता येईल की एखादा. अभिषेकाच्या आदी धरला म्हनायचं. दरबारात आनला. मग तुमी..." आप्पांनी पायाकडे बोट दाखवलं. "लोकास्नी आवडतं ते."

अध्यक्षाने डोक्यावरचा मुकुट सारखा केला. मग म्हणाला, "बसवू. तुमी म्हन्ताय तर बसवू."

त्या वर्षी राज्याभिषेकाला फितूर आला. कॅसेटवर त्याच्यासाठी दोन मिनिटं वाढवून घेतली. पुढे शाळेतल्या पोरांनी परीक्षेत राज्याभिषेकाच्या उत्तरात तो लिहिला आणि त्यांना गुण मिळाले. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी अध्यक्ष "बसवू" म्हणाला तेव्हा आप्पा हसले. चैत्रानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. त्या हसण्याची मला जेवढी किळस आली तेवढी त्या लाथेचीही कधी आली नव्हती. मी तिथून तशीच वळले. घरी आई दारातच उभी होती. तिने विचारलं, "हायेत न्हवं?" मी म्हटलं, आहेत.